गज टाकलास का?

अन्याय झाला तो काकांवर. निवडणुकीचा निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, पोलीस ठाण्याच्या पायरीवर.

हे वाक्य मी याआधीही छापलं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते वाचलं, काहींनी त्याखाली सह्याही केल्या. वाक्य खरं आहे. त्याच्या पुढची वाक्यं मला आज दुरुस्त करायची आहेत. पण आधी काका.

कोलाडजवळच्या खांब गावावरून आत गेलं की आमचं गाव. तिथे ठासणीची बंदूक बाळगणारे काका शेवटचेच. नळीच्या तोंडाकडून दारू भरायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने ठासायचं, मागे दारू पेटवणारी टोपी बसवायची, असली ती बंदूक. परवाना शेतीसंरक्षणाचा, वडिलांपासून चालत आलेला. काका गोळी भरत नसत, छर्रा भरत नसत. नुसता बार काढत. “डुकराला मारायचं नाय, त्याला कळवायचं,” म्हणायचे. “शेतात माणूस हाय येवढं त्याला कळलं म्हंजे बस.”

बंदूक हातात आली, मग ती घटकेपूर्वी त्यांनीच खुंटीला लावलेली का असेना, की काका पहिल्यांदा नळीत गज सोडत. ठेवत नसत, सोडत. आणि मान तिरकी करून ऐकत. नळी रिकामी असेल तर टण्ण असा आवाज येई आणि गजावर कानशीने केलेली खूण बरोबर तोंडाशी थांबे. भरलेली असेल तर आवाज मऊ, आणि खूण चार बोटं वर. आधीची दारू आत आहे हे विसरून वर दुसरी ठासली तर नळी हातात फुटते. म्हणून आधी गज.

ही सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. कोणी म्हणालं, काका, रस्ता मंजूर झाला. “गज टाकलास का?” कोणी सांगितलं, अमक्याची सून भांडून माहेरी गेली. “गज टाकलास का? का वरूनच बोलतोस?” चावडीवर त्यांच्यासमोर थाप मारायची लोकांना चोरी झाली होती.

मी तेव्हा संघटनेत नवा होतो. पत्रक कसं लिहायचं ते शिकलो होतो. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधली जागा रागाने भरायची. माझं घर काकांच्या घराला लागून. एक दिवस मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, “काका, मला ठासणीचं शिकवा. परवाना, अर्ज, ते मी बघून घेतो.”

त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागे गज सोडला. “भरली का रिकामी?”

“रिकामी!”

“अरे, आवाज पुरा तर होऊ दे.”

आठ दिवस हेच. भिंत, गज, “आवाज पुरा होऊ दे.” नवव्या दिवशी म्हणाले, “तुझं डोकं झ्याक हाय रे. तोंड घाई करतं.”

वहिनी, म्हणजे काकांची सून, तिथेच वाल सोलत बसलेल्या असत. माहेर कासूकडचं, खारेपाटातलं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम. नवरा कंपनीत शिफ्टला, त्याला बंदुकीचं नाव नको. त्या दिवशी काकांनी मला चकवायला नळीत काहीतरी घातलं आणि गज सोडला. मी म्हणालो, “भरलेली.” काका काही बोलायच्या आत वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “भरलेली हाय, पण दारू नाय. फडकं कोंबलंय बाबांनी.”

काकांचा हात तसाच राहिला. “तुला गो काय ठावूक?”

“मीठ ओढताना फळीचा आवाज बदलतो ना. खाली मीठ धरलंय का नुसता चिखल हाय, ते बघावं लागत नाय.”

काका हसले. असे हसले की सुपातले वाल सांडले. “पोरीने नळीत न बघता फडकं वळखलं! आणि हा आठ दिस भिंत बघतोय!” मग त्यांनी गज तिच्या हातात दिला.

मला जळायला तिथून सुरुवात झाली. साध्या भाषेत लिहितो, कारण त्याला दुसरी भाषा नाही. शिकायला मी आलो होतो. मागितलं मी होतं. तिने मागितलं नव्हतं आणि तिला मिळालं. परवाना काकांच्या नावावर, त्यामुळे चाप फक्त तेच ओढत. पण काथ्या सोडवणं, गज टाकणं, बार काढल्यावर नळी धुणं, ते सगळं तिच्याकडे गेलं. मी ओटीवर येई तेव्हा दोघांची मान एकाच बाजूला तिरकी झालेली असे. ते बघवत नसे मला. अन्यायावर भाषणं करणारा मी, पण एका बाईच्या हातातला लोखंडी गज मला सलत होता.

धुण्याचं काकांचं शास्त्र कडक. दारूचा काळा मळ हवेतलं पाणी ओढतो आणि नळी खातो, म्हणून बार काढला त्याच दिवशी धुवायची. पाणी खळखळ उकळलेलं. “उकळतं पाणी मळ काढतं आणि नळी अशी तापवतं की ती आपली आपण सुकते. कोमट नुसतं भिजवतं.” मग जुन्या धोतराच्या चिंध्या गजाला गुंडाळून फिरवायच्या, चिंधी कोरडी आणि पांढरी बाहेर येईपर्यंत. मग शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब. घाई करणाऱ्याला ते मळ न काढता तेल लावणारा म्हणत, आणि ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तुम्हाला ठाऊकच आहे. काकांचीही झाली. निकालानंतरच्या त्या सोमवारी आम्ही तिघं आणायला गेलो. काका, वहिनी आणि मी. काकांचं पेणला मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. हवालदाराने बंदूक आणून दिली. “बघून घ्या काका.”

काकांनी गज सोडला.

टण्ण नाही. खस्स.

त्यांनी चिंधी फिरवली. ती विटकरी रंगाची बाहेर आली. काका पायरीवर बसले आणि चिंधी नाकाशी धरली. बोललो मी. गळ्याच्या शिरा ताणून बोललो. हवालदार म्हणत राहिला, “अहो, जशी आली तशी ठेवली हाय.” त्याचं कोण ऐकतो! दुसऱ्याच दिवशी पत्रक छापलं. “शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात सडवली! नळी खाल्ली, हत्यार कायमचं निकामी! जबाबदार कोण?” कोलाड, रोहा, पेण, सगळ्या एसटी स्टँडवर वाटलं. तुम्ही सह्या केल्यात. मला हार घातलात.

मी ते काकांना नेऊन दिलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. “अक्षर ठसठशीत आलंय,” म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, “जमा करायच्या आदल्या दिशी पाणी उकळलं व्हतं का रे?”

“व्हय काका.”

नव्हतं. आता नीट ऐका. त्या दिवशी काकांच्या डोळ्याला पट्टी, वाफेजवळ जायचं नाही, खाली वाकायचं नाही. तरी सकाळीच त्यांनी ओटीवरून वानरांवर बार काढलेला. पाणी वहिनींनीच चुलीवर ठेवलं होतं. मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही राहू द्या. आज मी.” पट्टीआडून काकांना माझ्या हाताचा आवाज ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं.

“भावोजी, उकळी नाय आली अजून.”

“बस झालं तेवढं.”

“बरं, दोन फडकी तरी जास्त फिरवा.”

“मला कळतं.”

ओल्या नळीत तेल ओतलं, तोंडाला घट्ट बोळा मारला, आणि ती ओल आत कोंडून बंदूक ठाण्यात पाठवली. गंज ठाण्याचा नव्हता. माझा होता.

काकांना “व्हय” म्हणालो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एक शब्द बोलल्या नाहीत. आणि खरं सांगतो, त्या न बोलण्याचाही मला हेवा वाटला. मला तेवढंही येत नव्हतं.

पुढचा सगळा पावसाळा वहिनी त्या नळीशी झगडल्या. रॉकेल, चिंध्या, उकळतं पाणी, पुन्हा चिंध्या. भात पिकायला आलं तेव्हा काकांनी बांधावर उभं राहून गज सोडला. टण्ण. बार काढला, डुकरं डोंगराला लागली. आत थोडे डाग राहिले, बाकी नळी धड. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझं पत्रक खोटं झालं रे आता. दुसरं काढ.”

“काढतो काका.”

काढलं नाही. दिवाळी झाली आणि काका गेले. बसल्या जागी, ओटीवर.

बंदूक नियमाप्रमाणे पुन्हा जमा झाली. वारस म्हणून वहिनींनी अर्ज केला, नवऱ्याची संमती जोडली. त्यांच्याबरोबर परवान्याच्या कार्यालयात मी गेलो होतो. टेबलावरच्या साहेबांनी फाइल उघडली आणि आतून माझं पत्रक काढलं.

“हे तुमच्याच गावचं ना? नळी खाल्ली, हत्यार कायमचं निकामी. खाली एवढ्या सह्या. निकामी हत्याराला परवाना कसा देऊ बाई? कोणी लिहिलं हे?”

मी शेजारीच उभा होतो.

वहिनी म्हणाल्या, “मला नाय ठावूक.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. परतीच्या एसटीत वहिनी एकच वाक्य बोलल्या. “वाल फुलोऱ्याला आलाय.” म्हणजे शेंग धरेल, म्हणजे डुकरं उतरतील, म्हणजे या वर्षी त्यांना कळवायला कोणी नाही.

काल मी त्यांच्या ओटीवर गेलो. खुंटी रिकामी. खाली भिंतीला टेकवून गज ठेवलेला, तेलाचा हात फिरवलेला, कानशीची खूण बोटांनी झिजलेली. उचलून बघावा असं फार वाटलं. उचलला नाही. तो तिचा आहे हे मला अजूनही सहन होत नाही, पण तो तिचा आहे.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या कार्यालयात लेखी देणार आहे. नळी मी गंजवली, वहिनींनी ती वाचवली. माझ्या पत्रकावर ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांनी या. तेव्हा तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत, आज तशी करू नका. बंदूक मागवून घ्यायला लावा, साहेबांच्या समोर वहिनींना गज टाकू द्या. आवाज पुरा होऊ द्या. मग सही करा.