पाठमोऱ्या माणसाचा आवाज

लोमानसाहेब आमच्या हॉस्पिटलात आले ते २००४च्या वसंतात. अडुसष्ट वर्षांचे जर्मन नट, अर्धांगवायूनं वाचा गेलेली. मी तिथली स्पीच थेरपिस्ट. त्यांची हकिगत मला त्यांच्या इंग्रज बायकोनं, शीलानं सांगितली.

हॅम्बुर्गच्या रंगभूमीवर हा माणूस राजांच्या भूमिका गाजवून आला होता. लग्न करून इथे लंडनजवळ पिनरला स्थायिक झाला, तर इथल्या सिनेमावाल्यांनी जन्मभर नाझी अधिकारीच दिले. तिसऱ्या मिनिटाला गोळी लागून आडवा! खरं पोट भरलं ते डबिंगवर. जर्मनीला जाऊन इंग्रजी नटांना जर्मन आवाज द्यायचा, समोरच्या ओठांत नेमके शब्द बसवायचे.

"आणि तो नट पाठमोरा झाला की ह्याची चंगळ," शीला म्हणाली. "ओठच दिसत नाहीत. मग मनाला येईल ते बोलायचा."

सप्टेंबरात त्यांच्या लेकीचं, हायकेचं लग्न होतं. बापानं भाषण करायचं ही इथली रीत, आणि लोमानांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं. मी चित्रांची कार्डं दाखवायची, ते भिरकावून द्यायचे. मीही काही गरीब गाय नाही, उचलून परत त्यांच्यापुढे आपटायची. एकदा वैतागून मीच वाक्य म्हणू लागले, तर त्यांची नजर माझ्या ओठांवर खिळली आणि ते माझ्याबरोबर बोलले. एक अक्षर मागे नाही की पुढे नाही! मी थांबले की तेही गप्प.

मग आम्ही पाच वाक्यं ठरवली. मी एकेक सुचवायची, ते मान हलवायचे. मी नुसते ओठ हलवायची, आवाज त्यांचा. एकेका शब्दासाठी त्यांनी दिवस घातले. इतका जिद्दीचा माणूस मी पाहिला नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये मी पाहुण्यांच्या मागे उभी राहिले. तीन वाक्यं सुरेख झाली. चौथं होतं, "हायके, तू चालायला लागलीस तेव्हा मी दौऱ्यावर होतो." ते म्हणताना त्यांचा आवाज असा काही लागला की माझे डोळे भरून आले आणि मी चक्क भिंतीकडे वळले. शेवटचं वाक्य राहिलं होतं. घात केला मी, दुसरं काय!

वळून बघायचा मला धीर होईना.

मग मागून तो आवाज आला, एकेक शब्द ओढत.

"आता... कुठे... जात... नाही."

हे आमच्या कागदावर नव्हतं.