काट्यावरची लाल पाटी

आमच्या वजनकाट्याखाली खड्डा आहे. त्यात कांद्याची सालं, पात, माती साठत राहते. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण साफ करायला उतरलं की घमेल्यावर घमेली निघतात. काट्यावरच्या किश्श्यांचंही तसंच!

देवळ्याच्या रस्त्याला हा काटा. गाड्या पुढं-मागं घ्यायला मी उभा. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून! कंप्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण कंप्युटरपुढं बसलेल्यांची तोंडं बरोबर वाचता येतात.

* * *

केबिनमध्ये आमच्या सुनंदाताई बसतात. लिलाव झालेल्या कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की पडद्यावर वजन येतं, ताई पावती काढून देतात. वजन दाखवणारा प्रोग्रॅम कंप्युटर चालू केला की आपोआप सुरू होतो.

एका सकाळी झालाच नाही! पडद्यावर भली मोठी लाल पाटी. नवाच टाकलेला अँटीव्हायरस सांगतोय, हा प्रोग्रॅम विश्वासू नाही, म्हणून अडवला आहे.

बाहेर ट्रॅक्टरची रांग, हॉर्नवर हॉर्न. सटाण्याकडचा एक म्हातारा खिडकीत डोकावला. "काय माय, काटा चालू शे का बंद?"

ताई गोंधळून खरं तेच बोलून गेल्या, "बाबा, कंप्युटर म्हणतोय, काट्यावर विश्वास नाही."

"हाई ते आमले पहिलेपासून माहीत शे!"

सगळी रांग खो खो हसली. फक्त एक माणूस हसला नाही. काट्याचे मालक, दादाशेठ.

* * *

शेठनी नाशिकहून पंकज इंजिनिअरला बोलावलं. पोरगं हुशार, पण शर्टाला इस्त्री एवढी की खुर्चीत बसताना करकर वाजायचा. त्यानं काट्याचा प्रोग्रॅम 'विश्वासू' म्हणून नोंदवला. कंप्युटर बंद करून चालू केला, परत केला, परत केला. पाटी गायब! चहा पिऊन गडी गेला.

दुसऱ्या सकाळी पाटी हजर.

ताईंनी फोन लावला. पलीकडून पंकज म्हणाला, "ताई, काल सांगितलंय ना त्याला!"

ताई म्हणाल्या, "अहो, हा माझ्या सासूबाईंसारखा आहे. रात्री पटतं, सकाळी परत विचारतो, ही कोण बाई घरात शिरली!"

मी दारातून ओरडलो, "पंकजराव, सासूबाईंना पण विश्वासूच्या यादीत टाकायचं जमतंय का बघा!"

ताई हसल्या, पण बाहेर रांग वाढत होती.

* * *

मग हे रोजचंच झालं. ताई फोनवर विचारून रोज सकाळी पाटी हटवायच्या, तोवर शेतकरी तापलेले. एक-दोन गाड्या वळून पलीकडच्या काट्यावर गेल्या. मी रांगेत सांगत फिरायचो, "थांबा रे, काट्याचा आज सकाळचा उपास आहे, आत्ता सोडेल!" लोक हसायचे, पण गाडीचं इंजिन बंद करायचे नाहीत.

शेठनी पंकजला खडसावून विचारलं. तो म्हणाला, "शेठ, अँटीव्हायरस प्रत्येक फाइलवर आपला शिक्का मारतो. तीच फाइल असेल तर सोडतो. कुणी फाइल बदलली तर शिक्का गेला, परत अडवणार."

"म्हणजे कुणीतरी बदलतंय?"

"तसंच दिसतंय."

शेठनी मान वळवली आणि ताईंकडे बघितलं. ताईंचा मोबाइल चार्जिंगसाठी कंप्युटरलाच लावलेला होता.

"ताई, मला नाटकं नकोत. अजून एकदा लाल पाटी आली, की तुम्ही दुसरीकडं काम बघा."

ताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. नवरा स्लॅबवरून पडल्यापासून घरीच. त्यांनी मोबाइलची वायर काढली, गुंडाळली, पर्समध्ये टाकली. त्या दिवशी मलासुद्धा काही विनोद सुचेना. असं क्वचित होतं!

* * *

आता शेठबद्दल सांगायलाच हवं. माणूस भाविक. रोज सगळ्यांच्या आधी येणार, शटर उघडणार, काट्याला उदबत्ती ओवाळणार. मग केबिनचं दार लावून आत कंप्युटरची पूजा. तेव्हा आत कुणी यायचं नाही! पूजा झाली की कंप्युटर बंद, आणि शेठ लिलावाला. ताई नंतर येणार.

केबिनमधल्या देव्हाऱ्यात पितळी गणपती, सुपारी आणि एक पेन ड्राइव्ह. पंकजनं काटा बसवताना दिलेला. "शेठ, यात प्रोग्रॅमची शुद्ध प्रत आहे. कधी बिघडलं तर हीच परत टाकायची. जपून ठेवा." आणि ती कशी टाकायची तेही शिकवलेलं. शेठनी असा जपला, की त्यावरही कुंकू!

मी एकदा पंकजला म्हणालो, "तुम्ही उगाच डोकं खपवताय. शेठच्या कुंकवानंच पडदा लाल होतोय!"

पंकज हसला. शेठनी मला दिवसभर उन्हात उभं केलं.

* * *

धमकीनंतरची पहिलीच सकाळ. ताई लवकर आल्या, पण शेठनी त्यांना दारातच अडवलं. पंकजलाही बोलावून घेतलेलं.

"आज कुणी हात लावायचा नाही. मी स्वतः चालू करतो. आज पाटी आली नाही, तर काय समजायचं ते समजा!"

ताई उंबऱ्याबाहेर, पदर मुठीत. मी आणि पंकज त्यांच्या मागं. आमच्या मागं काल खोळंबलेल्या ट्रॅक्टरची रांग. आज दार उघडं, त्यामुळं शेठची पूजा आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा बघितली.

उदबत्ती झाली. कुंकू झालं. शेठनी कंप्युटर चालू केला. मग देव्हाऱ्यातून पेन ड्राइव्ह उचलला, कपाळाला लावला आणि कंप्युटरमध्ये खोचला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. एक बोट पुढं करून बटणं दाबायला लागले.

पंकजचा आवाज चिरकला. "शेठ! हे काय करताय?"

"शुद्ध प्रत टाकतोय. रोज टाकतो."

"रोज?"

"मग? दिवसभर त्याच्यावरून बऱ्या-वाईट सगळ्यांची वजनं जातात. देवाला कालचं फूल चालतं का? तसं काट्यालाही शिळं चालत नाही!"

पंकजनं डोक्याला हात लावला. "म्हणजे अँटीव्हायरसनं मारलेला शिक्का तुम्हीच रोज पुसताय!" शेठनी शांतपणे कंप्युटर बंद केला आणि परत चालू केला.

लाल पाटी!

रांगेतला हॉर्न मध्येच थांबला. शेठ पाटीकडे बघत राहिले. मग पंकजकडे. मग हातातल्या पेन ड्राइव्हकडे. ताईंकडे मात्र बघेनात.

ताईच उंबरा ओलांडून आत गेल्या. आवाज अगदी मऊ. "शेठ, पाटी तर आली. मग उद्यापासून कामावर कुणी यायचं नाही?"

शेठनी पेन ड्राइव्ह गणपतीपुढं ठेवला. हात जोडले. खुर्चीवरून उठले, उपरण्यानं खुर्ची पुसली आणि माझ्यावरच ओरडले,

"आप्पा, बघतोस काय? गाडी घे काट्यावर! आणि ऐक, उद्यापासून पूजा ताई करतील!"