रामजीच्या नावाचा नारळ

वाघजाईपुढे मान वाकवायची नाही, ही आमच्या घरातल्या बायकांची रीत होती. देवळात जायचं, ओटी भरायची, दिवा लावायचा, पण मान ताठ. ही रीत माझ्या थोरल्या आजीनं सुरू केली. धरणाच्या पाण्याखाली शेतं गेली तेव्हा तिचा नवरा रामजी, म्हणजे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ, पोटासाठी पलटणीत भरती झाला. महायुद्ध पेटलं आणि त्याला ब्रह्मदेशात धाडलं. थोरली आजी तेव्हा गरोदर होती. रामजी परत आला नाही. त्याच्याच पलटणीतला गावचा एक माणूस मात्र जिवंत परतला आणि त्यानं चावडीवर सांगितलं, की माघार चालली असताना रामजी रांग सोडून एकटाच जंगलाच्या दिशेनं चालत गेला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यावर गावानं ठरवून टाकलं, रामजी पळाला. थोरली आजी तडक देवळात गेली. "माझा माणूस पळालेला न्हाई. तू खरं सांगत न्हाईस तवर तुझ्याम्होरं वाकणार न्हाई," असं तिनं देवीला तोंडावर सांगितलं. मरेपर्यंत ती वाकली नाही.

तिची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी आत्या. आता ऐंशी ओलांडून गेलेली, मुळशीतच राहणारी. 'पळपुट्याची पोर' हे शब्द ऐकतच ती मोठी झाली. तिच्या लग्नात, तिच्या मुलांच्या लग्नात, कुणी ना कुणी ते कुजबुजलंच. आत्यानं कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, आणि आईचा हट्टही सोडला नाही. तिच्याकडून तो माझ्याकडे आला. मी नेऱ्याला राहते, हिंजवडीत नोकरी करते, रविवारी आत्याकडे जाते. देवीवर माझी श्रद्धा आहे. पण जिच्यावर श्रद्धा आहे तिला जाब विचारू नये, हे मला कधी पटलेलं नाही.

यंदा गावातून लढाईवर गेलेल्या सगळ्यांच्या नावांचा दगड देवळासमोर बसवायचं ठरलं. रामजीचं नाव त्यात घेणार नाही, असं काम बघणाऱ्या तात्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "दगडावर कोरायचंय पोरी, उद्या लोक नावं ठेवतील." मी पुण्याला हेलपाटे घातले, ओळखीच्या माजी सैनिकांना विचारलं, आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसले. रामजीला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नव्हतं. माझा धीर सुटत चालला होता. वाटायला लागलं, दोन बायकांनी आयुष्यभर ताठ ठेवलेली मान कदाचित एका खोट्या आशेवरच उभी असेल.

त्या रविवारी मी रिकाम्या हातानं देवळात गेले. ओटी नाही, फूल नाही. गाभाऱ्यासमोर उभी राहून मनात म्हटलं, आता उत्तर दे. नाही दिलंस तरी मी वाकणार नाही, आणि पुन्हा येणारही नाही. मी वळणार तोच एक तरुण जोडपं आत आलं. मुलीनं गुरवाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "हा रामजींच्या नावानं फोडा."

"आडनाव?" गुरवानं विचारलं.

"ते माहीत नाही. रामजी मुळशीकर म्हणायचे त्यांना. ब्रह्मदेशच्या लढाईत गेले ते."

गुरव माझ्याकडे बघत राहिला. मी तिथंच पायरीवर बसले.

मुलीचं नाव अश्विनी. माणदेशातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच जांब्याला भाड्याच्या घरात राहायला आली होती. तिचे पणजोबा रामजीच्याच पलटणीत होते. ती लहान असताना त्यांनी तिला जवळ घेऊन कितीदा तरी हे सांगितलं होतं. माघारीत त्यांना तापानं उभं राहवेना, तेव्हा रामजीनं त्यांना पाठीवर घेऊन डोंगराखाली उतरवलं आणि दवाखान्याच्या तुकडीपाशी आणून सोडलं. मागं आणखी एक जखमी जवान राहिला होता. त्याला आणायला रामजी आल्या वाटेनं उलटा चालत गेला. तो पुन्हा दिसला नाही. "मुळशीकडे कधी गेलीस तर वाघजाईला रामजीच्या नावानं नारळ दे, असं पणजोबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं," ती म्हणाली.

म्हणजे गावच्या त्या माणसानं पाहिलं ते खरंच होतं. रामजी रांग सोडून गेला होता. तो कशासाठी गेला, एवढंच त्या माणसाला माहीत नव्हतं.

मी दोघांना आत्याकडे घेऊन गेले. आत्यानं सगळं न हलता ऐकलं. मग अश्विनीला आणखी एक आठवलं. मुलगी झाल्याची बातमी छावणीत पोचली तेव्हा रामजीनं गूळ वाटला होता. मुलीसाठी गूळ कसला वाटतोस म्हणून काही जण हसले, तर त्यानं त्यांना जास्तीचा खडा दिला होता.

आत्या पुढे सरकली. "त्यास्नी ठाव व्हतं? मी झाल्याचं?"

"हो आजी. पणजोबांनी तो गूळ खाल्ला होता."

"आमाला वाटायचं, बातमी पोचलीच न्हाई," एवढं बोलून आत्यानं पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दगडाच्या कामासाठी भरलेल्या पुढच्या बैठकीला ती स्वतः काठी टेकत आली. ब्रह्मदेशात बघायला कोण गेलं होतं, असं तात्या म्हणाले, तशी ती उभी राहिली. "पळाला म्हून एकानं सांगितलं, ते इतकी वर्सं खरं धरलंसा. वाचवलं म्हून दुसरा सांगतुया, ते खरं धराया काय हुतंय?" दगडावर रामजीचं नाव आलं.

त्यानंतर आत्याला देवळात नेलं. ती गाभाऱ्यापुढे उभी राहिली. "तुला समदं ठाव व्हतं. लई उशीर केलास," ती म्हणाली, "आता गुडघं वाकत न्हाईत. तूच समजून घे."

मी मात्र वाकले. हरले म्हणून नव्हे. आम्ही इतकी वर्षं भांडत आलो ते देवीपाशी, तिला सोडून दुसरीकडे कधी गेलो नाही, हे त्या क्षणी मला कळलं. आमचं शरण जाणं तेच होतं.

अश्विनी अजून जांब्यालाच आहे. सणावाराला ती आत्याकडे येते आणि आम्ही मिळून देवळात जातो. रामजी ज्याला आणायला परत फिरला त्या जवानाचं नाव, गाव आम्हाला कुणालाच माहीत नाही. कुठल्यातरी घरात त्याचीही वाट पाहिली गेली असेल. आम्ही त्याच्यासाठी एक नारळ वेगळा ठेवतो. कुणाच्या नावानं, असं आता गुरव विचारत नाही.