हरकतीच्या वहीत अडकलेली मोरी

आक्काच्या दारातला रस्ता म्हणजे हद्द. अलीकडं गाव, पलीकडं शहर. बाहेरच्या माणसाला हे ओळखू यायचं कारण नाही, कारण दोन्हीकडं तसलीच घरं, तसल्याच मोटारसायकली आणि मधे एकच डबकं. कळतं ते सकाळी. शहराची घंटागाडी गाणं वाजवत येते, पलीकडच्या बादल्या रिकाम्या करते आणि आक्काच्या बादलीकडं मान न वळवता निघून जाते. गावाची गाडी म्हणजे ट्रॅक्टर, आणि तो ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी येतो.

आक्का माझी थोरली बहीण. तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर चटणीचा डंक. चार लोखंडी मुसळं मोटारीवर वर-खाली व्हायची आणि खालच्या उखळांत मिरची कुटली जायची. उन्हाळा लागला की भाजलेलं खोबरं, तीळ, धणे आणि मिरचीचे डबे घेऊन बायकांची रांग लागायची. प्रत्येक बाई आपला घाणा संपेपर्यंत उखळासमोरून हलायची नाही. आपली मिरची शेजारणीच्या घाण्यात जाईल, असा संशय प्रत्येकीला, आणि तो खराच असायचा. रस्त्यानं जाणारा माणूस पन्नास पावलं आधीपासून शिंकायला लागायचा. दाजी वारल्यावर याच डंकावर आक्कानं मुलाला इंजिनियर केला. तो पुण्यात असतो आणि दर वर्षी बोलावतो. आक्काचं उत्तर ठरलेलं. "तिथं माझ्यामुळं कोण शिंकणार हाय?"

घरामागून एक ओढा येतो आणि आक्काच्या भिंतीला लागून रस्त्याखाली शिरतो. रस्त्याखाली त्याच्यासाठी सिमेंटची एक नळी घातली आहे. तिला सरकारी भाषेत मोरी म्हणतात. ती घातली तेव्हा वरच्या बाजूला सगळा ऊस होता. आता तिथं अपार्टमेंट उभी आहेत, ओढ्याचं पाणी वाढलं आणि मोरी होती तेवढीच राहिली. त्यामुळं दर पावसाळ्यात पाणी मोरीच्या तोंडाशी येतं, आत जागा नाही म्हणून मागं वळतं आणि डंकात येऊन बसतं.

मोरीचं एक तोंड गावात, दुसरं शहरात. गाव म्हणायचं, पाणी शहरात तुंबतंय. शहर म्हणायचं, पाणी गावातून येतंय. मधला रस्ता तिसऱ्याच कुणाचा, ते म्हणायचे, आमचा रस्ता वर आहे, पाणी खाली आहे. मी हे ऐकत असे तेव्हा मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटत. तीन नट आणि एकाचंही वाक्य चुकत नव्हतं.

मग हद्दवाढीचं वारं सुटलं. शहरानं भोवतीची गावं पोटात घ्यावीत, असं शहराचं म्हणणं. गावांचं म्हणणं, आधी पोटात आहे ते पचवा. एके दिवशी गावांनी विरोधात बंद पाळला, दुसऱ्या दिवशी शहरानं पाठिंब्याचा. आक्काचा डंक हद्दीवर, तो दोन्ही दिवशी बंद. रस्त्यापलीकडं शहरात एका चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. डंकाची मुसळं झिजली की तेच नीट करायचे, मोटार जळली की आतली तार नव्यानं गुंडाळून तेच भरायचे. ते दुसऱ्या दिवशी अर्धं शटर लावून आक्काकडं चहाला आले. "आक्का, काल तुमच्यात येऊन बसलतो तर तुमचा बंद. आज तुम्ही आमच्यात आला असता तर आमचा. एकदा दोघांनी मिळून चालू ठेवायचा दिवस काढूया की."

चाचांचं हे बोलणं कुणीतरी वर ऐकलं असावं. कारण पुढं तडजोड निघाली. हद्द आहे तिथंच राहू दे, पण शहर आणि गावं यांनी भागीदारीत काम करायचं. एक संयुक्त समिती, एक संयुक्त आराखडा, आणि अधिकार वरून खाली स्थानिक पातळीवर. त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम झाला आणि सूत्रसंचालन माझ्याकडं आलं.

मी शहरात, शाहूपुरीत रंगाचं दुकान चालवतो. पण सत्कार, फुटबॉलचे सामने, लग्नाचे वाढदिवस, जिथं माइक असेल तिथं मला बोलावतात. त्या दिवशी मी फेटा बांधून गेलो होतो. आक्काला पहिल्या रांगेत बसवलं. "आज शहर आणि गाव एका ताटात जेवायला बसतंय," असं मी म्हणालो आणि सभागृह पाच मिनिटं शांत होईना. एक अधिकारी म्हणाले, "यापुढं निर्णय तुमच्या दारात होतील." आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "दारात पाणी हाय. निर्णयाला बसायला पाट दिऊ काय?" लोक हसले, अधिकारीही हसले. मीही माइकमध्ये हसलो.

पण आश्चर्य असं की आराखड्याच्या मसुद्यात मोरी आली. हद्दीवरील मोरीचे रुंदीकरण, असं स्पष्ट छापून. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला तो मी आक्काला वाचून दाखवला आणि तिनं मला परत वाचायला लावलं. मग ती घरात गेली आणि उखळांवरची प्लॅस्टिकची पोती काढून ती उन्हात घातली. पावसाळ्यात झाकायची ती पोती. मार्गशीर्ष महिना होता.

कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की मसुद्यावर हरकती असल्यास महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात.

"आपली तर काय हरकत न्हाय," आक्का म्हणाली. "मग ते कुठं कळवायचं?"

"तिथंच," मी म्हणालो.

या एका शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मात्र मला तो अगदी रास्त वाटला. गावात विरोधाच्या सह्या गोळा होत होत्या. सगळे हरकती घेणार आणि आपण गप्प बसणार, तर समितीला कळणार कसं, की या रस्त्यावर काम हवं असलेली माणसं राहतात? मी दुकानातल्या लेटरपॅडच्या मागच्या बाजूला मजकूर लिहायला घेतला. साधं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण मी माइकवरचा माणूस, वाक्याला शेपूट असल्याशिवाय मला ते संपल्यासारखं वाटत नाही. मी लिहिलं: सदर मोरीच्या रुंदीकरणास आम्हा रहिवाशांची कोणतीही हरकत नाही, असलीच तर ती काम आजवर झाले नाही याबद्दलची आहे.

चाचांनी वाचलं आणि म्हणाले, "वा. शेवटी टोला बसलाय." रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. गाव आणि शहर एका कागदावर यायची ही पहिलीच वेळ. वरती, पहिली सही आक्काची.

कार्यालयात खिडकीपाशी एक कारकून बसले होते. पुढ्यात दोन वह्या. "हरकत का सूचना?"

"हरकत नाही."

"हरकत नाहीला वही न्हाय, पावणं. दोनच हैत. एक हरकतीची, एक सूचनेची."

सूचना तर आम्ही काहीच करत नव्हतो. मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "मग पहिलीत घ्या. शब्द तर तोच आहे."

त्यांनी घेतलं. शिक्का मारून पोच दिली. मी ती आक्काच्या हातात ठेवली आणि तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

दीड महिन्यानं तिच्या नावानं पत्र आलं. सुनावणीस हजर राहावे. वरती नाव, नावाच्या खाली कंसात 'हरकतदार'. चाचांनी चष्मा लावून बघितलं. "आक्का, हुद्दा मिळाला की. हवालदाराच्या वरचा असंल ह्यो."

आक्का हसली नाही. "मी कुठं घेतलोय हरकत?" असं तिनं मला विचारलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी पत्र परत वाचायला घेतलं.

सुनावणीला आम्ही दोघं गेलो. तिथले अधिकारी सज्जन होते, हे मला सांगायलाच हवं. खलनायक असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. आवाज खाली, डोळे दमलेले, स्वतःच्या कामाबरोबर आणखी दोन जागांचा कार्यभार. त्यांनी आमचा कागद काढला.

"बोला, हरकत काय आहे?"

"न्हाय हरकत," आक्का म्हणाली.

"मग घेतली का?"

"घेतलीच न्हाय."

"इथं हरकतीत नोंद आहे. सह्या आहेत. पहिली तुमचीच." मग त्यांनी बोट ठेवून माझं वाक्य वाचलं. संथपणे, मी कुठल्याही पाहुण्याचा परिचय वाचेन त्याहून संथपणे. "'असलीच तर' असं लिहिलंय. म्हणजे आहे."

मी म्हणालो, "साहेब, ती गंमत होती."

"गमतीला वही नाही," ते म्हणाले. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, असं मला दिसलं.

"मग मागं घेतो," आक्का म्हणाली. "आत्ता घेतो. कुठं सही करू सांगा."

मागं घेणं सोपं नव्हतं. काम दोन हद्दींतलं, म्हणून दोन्हीकडचा ठराव लागणार. गावात ग्रामसभेनं आधीच ठराव केला होता की समितीच्या कुठल्याही कामाला संमती द्यायची नाही, एका कामाला दिली तर हद्दवाढीला दिल्यासारखं होईल. शहरात ठराव करायला निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. प्रशासकांच्या वतीनं या विषयाचे अधिकार ज्यांच्याकडं, तेच आमच्यासमोर बसलेले हे अधिकारी. "म्हणजे शहराच्या बाजूनं मलाच मला पत्र द्यावं लागेल," ते म्हणाले. "ते मी देईन. पण गावाचं आणा."

आणि त्यांनी दिलं. आठवड्यात स्वतःच स्वतःला पत्र लिहिलं, स्वतःच आवक केली, प्रत आक्काला पाठवली. या सगळ्या प्रकरणात वेळेत झालेलं काम तेवढंच.

गावाचं मात्र आलं नाही. आक्का ग्रामसभेत उभी राहिली. तिच्याकडं दर वर्षी चटणी कुटायला येणाऱ्या घरांतलीच माणसं समोर होती. एक जण म्हणाला, "आक्का, तुमच्या मोरीसाठनं आमी गाव शहरात घालू काय?" त्यावर ती म्हणाली, "गाव न्हाय, नुसतं पाणी घाला." पण हसू आलं तरी हात वर गेला नाही. सगळी तिची माणसं होती आणि सगळी भ्यालेली होती, वाढत्या घरपट्टीला आणि जमिनीवर पडणाऱ्या आरक्षणाला. त्यांची भीती खोटी होती, असं मला आजही म्हणता येत नाही.

अंतिम आराखडा छापून आला. मोरीच्या ठिकाणी रेघ होती आणि खाली बारीक अक्षरात टीप: स्थानिकांच्या हरकतीमुळे वगळले. आक्कानं मला ती वाचायला सांगितली. आयुष्यभर मी लोकांच्या नावांमागं विशेषणं लावून ती खणखणीत म्हटली. ते तीन शब्द मला नीट म्हणता आले नाहीत. ती म्हणाली, "तू चांगलंच लिवलतंस. शिकलेलं मानूस वाचंल असं लिवलतंस, एवढंच." तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

त्या पावसाळ्यात पाणी डंकात शिरलं आणि चार दिवस हललं नाही. ओसरल्यावर चाचा आले, मोटार उघडून बघितली, मग वाकून उखळांखाली हात घातला आणि तो कोपरापर्यंत आत गेला. "मोटार भरून दितो," ते म्हणाले. "पण पाया ऱ्हायला न्हाय, आक्का. खालची माती गेलीया. मुसळ चालू केलं तर भिंत अंगावर येईल."

डंक घ्यायला गगनबावड्याकडून एक माणूस टेम्पो घेऊन आला. त्यानं चारी मुसळं वाजवून बघितली आणि विचारलं, "चांगला हाय की. विकताय कशाला?"

"पाण्यापायी," आक्का म्हणाली.

तो बघतच राहिला. "आमच्यात तर पावसाला सुट्टीच नसती."

"पडू दे की. पडून खाली जातंय न्हवं?"

टेम्पो गेल्यावर तिनं ती खोली धुतली. तीनदा धुतली तरी मिरचीचा वास गेला नाही, आणि त्या वासावर मला तेव्हा शिंकही आली नाही.

संयुक्त समितीच्या वर्षपूर्तीला मला पुन्हा बोलावलं. मी गेलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गेलो. फेटा बांधला, पाहुण्यांची नावं घेतली, भागीदारीवर चार वाक्यं बोललो, टाळ्या घेतल्या. ते दमलेले अधिकारी आता बदलून गेले होते. नव्यांनी सांगितलं की निर्णय तुमच्या दारात होतील. पहिल्या रांगेतून कुणी काही बोललं नाही.

उन्हाळ्यात सवयीनं बायका डबे घेऊन आल्याच. आक्का दारात उभी राहून प्रत्येकीला शहराच्या बाजूचा दुसरा डंक सांगत होती, कुठून वळायचं, तिथं कुठली मिरची आधी घालू द्यायची नाही, सगळं. ग्रामसभेत गप्प बसलेल्या घरांतल्याही होत्या. त्यांनाही तिनं नीट रस्ता सांगितला.

ती स्वतः मात्र त्या डंकावर गेली नाही. परवा मी जेवायला गेलो तर ताटात चटणी होती, पण रंग वेगळा. फडताळात बघितलं. बाजारातलं पाकीट होतं, कोपरा कात्रीनं कापून रबर लावलेलं. आक्कानं भाकरीवर चिमूटभर घेतली, जिभेला लावली आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

"खारट हाय," ती म्हणाली. "तू खाऊ नकोस. तुझं बीपी हाय."