बेडकाची स्प्रिंग आणि काकांचा ईमेल

कल्पना करा, तुम्हाला ईमेल लिहायचाय. पत्ता टाकलाय, वर विषयही लिहिलाय: 'बेडकाची स्प्रिंग'. आता खाली ती मोठी पांढरी जागा. तिथे पहिलं वाक्य काय लिहाल?

अंबादासकाकांनी लिहिलं, 'नमस्कार मॅडम. जेवलात का?' आणि पाठवून दिलं.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. जालन्याहून आले तेव्हा ते दुसऱ्यांच्या गाळ्यात राबायचे. आता साकीनाक्याला त्यांचा स्वतःचा स्प्रिंगचा गाळा आहे. मुलुंडच्या एका खेळण्यांच्या कंपनीला उड्या मारणारा बेडूक बनवायचा होता आणि काकांचा नमुना तिथे आवडला होता. सकाळी तिथल्या रुचिरामॅडमचा फोन आला, "तार कुठली, दर काय, माल कधी देणार, सगळं संध्याकाळपर्यंत ईमेलवर लिहा. मग ठरवू." एवढं मोठं काम गाळ्याला कधीच मिळालं नव्हतं.

दुपारी मी गाळ्यात गेले तर काका मोबाइल समोर ठेवून बसलेले.

"पाठवलंत का?"

"केव्हाच. मॅडमचं उत्तर येऊ दे, मग पुढचं लिहितो."

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "काका, ईमेलमध्ये सगळं एकदम लिहायचं असतं! वाट लागली ना!"

"अगं, माणूस आला की आधी पाणी, मग चहा, मग काम. उपाशी माणसाला दर सांगितला तर महागच वाटणार!"

मशीनवर काम करणारी शकु तिथूनच ओरडली, "काका, मी जेवलेय. आता पगाराचं बोला!"

मी मोबाइल ओढून घेतला. "मॅडमनी जे विचारलंय तेवढंच सांगा. मी लिहिते." तार झाली, दर झाला, माल कधी तेही झालं.

"आणि लिही, बेडूक आभाळात जाईल."

"असलं काही नाही हां लिहायचं."

"मग बघ!" म्हणत काकांनी स्प्रिंग दाबून सोडली. ती टणकन पंख्यावर आपटली आणि थेट माझ्या केसांत येऊन बसली. शकु हसून हसून स्टुलावरून घसरली. मी मुकाट्याने लिहिलं, 'स्प्रिंग पंख्यापर्यंत उडते. तपासून पाहिलं आहे.'

पाठवणार तेवढ्यात टिंग! रुचिरामॅडम: 'हो, जेवले. आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. आता स्प्रिंगचं सांगा.'

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप आमचा ईमेल पाठवून टाकला.

संध्याकाळी उत्तर आलं: 'काम तुमचं.' शकुने शिट्टी मारली. काका तर गाळ्यात बेडकापेक्षा उंच उडाले.

"झकास! आता फक्त 'धन्यवाद' लिहा," मी म्हटलं.

काकांनी धन्यवाद लिहिलं आणि थांबले. चेहरा एकदम गंभीर.

"चेतना, मॅडम जेवल्या म्हणाल्या. पण काय जेवल्या, ते लिहिलंच नाही गं. इथेच खाली विचारू, की त्याला वेगळा ईमेल लागतो?"