बाबांच्या मजऱ्यातलं नमन

तोंडाला पांढरा रंग फासल्यावर माणसाला घाम फुटू नये. रंग ओघळतो आणि सोंगाड्याचं पार भूत होतं. पण त्या शुक्रवारी मजऱ्याच्या फाटकातून मोठी गाडी आत वळली, मागच्या दारातून बाबा उतरले, आणि मला दरदरून घाम फुटला.

मजरा म्हणजे इथल्या अरब लोकांचं शेतावरचं घर. खजुराची झाडं, मधे हिरवळ, कडेला दोन खोल्या. हा मजरा बाबांचा. बाबा म्हणजे आमचे अरबाब, आमचे मालक. मी त्यांचा ड्रायव्हर आणि माझी बायको बुसैतीनला त्यांच्या घरी स्वयंपाकाला. दोघांचा व्हिसा त्यांच्याच नावावर, राहायला खोलीही त्यांच्याच आवारात. आमच्या संगमेश्वरकडच्या पोरांना नमन, म्हणजे आमचा गण-गवळण-वगाचा खेळ, करायचं होतं आणि जागा मिळत नव्हती. मी भीत भीत बाबांना विचारलं. तरुणपणी बरीच वर्षं मुंबईत व्यापार केलेला माणूस, हिंदी फाडफाड बोलतो. म्हणाले, "गाना करो, खाना करो, बस बगीचा गंदा मत करो." स्वतः येणार नाही म्हणाले होते, थकवा येतो म्हणून. आणि आता बघतो तर मोठा मुलगा आणि दोन पाहुणे यांच्याबरोबर, मुलाच्याच गाडीतून हजर!

गण झाला होता, गवळण चालू होती. मधेच रात्रीच्या नमाजाची, इशाची अजान झाली तशी मृदंग थांबला. साडी नेसलेल्या गवळणी आणि पेंद्या हात जोडून गप्प उभे राहिले. दिवसभर एसी दुरुस्त करणारी, गाड्या चालवणारी, सित्राच्या कंपनीत घाम गाळणारी पोरं ती. बाबांना त्यांचं ते गप्प उभं राहणं आवडलं असावं. त्यांनी पुढची खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसले.

इकडे खोलीत आमच्या काकांची बोबडी वळली. काका म्हणजे माझ्या वाडीतले, हमद टाउनला एसीचं काम करतात आणि वर्षानुवर्षं वगातला राजा करतात. मुकुट हातात घेऊन म्हणाले, "मेल्या, आपला वग काय आहे? सोंगाड्या राजाला येडा बनवतो. या देशात खराखुरा राजा आहे. आणि तुझा बाबा हिंदी समजतो. माईकवरून राजाला गाढव म्हणशील नि सगळे जाऊ उद्याच्या विमानाने!"

वगाची रीतच तशी. राजा मूर्ख असायचा आणि सोंगाड्याने त्याची टोपी उडवायची. गावाकडे यात कुणाला काही वाटत नाही, खुद्द पुढारी पुढे बसून खिदळतात. पण इथे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ठरलं की मुकुट काढायचा आणि राजा म्हणायचंच नाही, मालक म्हणायचं. गाणं तेच, चाल तीच, फक्त तेवढा एक शब्द बदलायचा.

माझी भीती मात्र वेगळीच होती आणि ती काकांना सांगता येत नव्हती.

दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. बाबा मशिदीतून पायी आले आणि स्वतःच्या फाटकापाशी उभे राहिले. मी गाडी पुसत होतो. मला विचारलं, "ये घर किसका है?" मला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. मी हसलोसुद्धा. मग त्यांचे डोळे बघितले. ती मस्करी नव्हती. जरा वेळाने त्यांना उमगलं. माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "किसी को मत बोलना. लड़के को तो बिलकुल नहीं." तसं मग आणखी दोनदा झालं. मुलाला कधीपासून त्यांना आपल्या घरी न्यायचं होतं, हे घर बंद करायचं होतं. बाबांना या घरातून हलायचं नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तोंडाला कुलूप घाला. घर बंद झालं की तुमची गाडी बंद नि माझी चूल बंद." खोटं कशाला बोलू, बाबांची दया येत होतीच, पण आमची भीती त्याहून मोठी होती.

वग सुरू झाला. मी नाचत आत गेलो आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबा हसले. मुलगा फोन बघत होता. पहिली दोन कडवी मी जीव मुठीत धरून म्हटली. मालक म्हटलं, नीट म्हटलं. काका बिनमुकुटाचे, लुंगी सावरत, मान डोलावत उभे. लोक हसायला लागले तशी माझी भीड चेपली आणि तिथेच घात झाला. आम्ही आपसांत कधी मालक म्हणतोच कुठे? इतक्या वर्षांत आमच्या जिभेवर एकच शब्द बसलाय. तोच सुटला.

"अरबाब माझा शहाणा मोठा, त्याला कशाचा नाही तोटा,
आपल्याच दारी उभा राहून विचारतो, घर कुणाचं?"

म्हणताना मी रीतीप्रमाणे काकांचं बोट धरलं आणि लहान पोराला न्यावं तसं हिरवळीवर फिरवलं. तोंडून काय गेलं ते कडवं संपेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. मागचे झीलकरी तेवढी ओळ उचलतात. त्यांनी ती जोरात उचलली, "घर कुणाचं, घर कुणाचं?" मृदंग तापला. पोरांनी तर डोक्यावर घेतलं. प्रत्येकाचा कुणी ना कुणी अरबाब आहे, हसणार नाहीत तर काय! पुन्हा "घर कुणाचं?" पुन्हा हशा.

आयशप्पत सांगतो, मुद्दाम नव्हतं केलं. बाबांचं हसू मावळलं होतं. मुलगा फोन खाली ठेवून माझ्याकडे नाही, बापाकडे बघत होता. त्याला मराठी येत नाही, हिंदीही येत नाही. पण अरबाब शब्द त्यांच्याच भाषेतला आणि बोट धरून नेणं कुणालाही कळतं. बायकांच्या घोळक्यात माझी बायको उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला होता.

मी हात वर करून झीलकऱ्यांना थांबवायला गेलो. त्यांना वाटलं, मी अजून जोर लावा म्हणतोय.

बाबा उठले. मुलगा त्यांचा हात धरायला गेला, तो त्यांनी झटकला. मला बोटाने खूण केली, "यल्ला, चलो." काका पुटपुटले, "खलास." मृदंग थांबला. जाताना बायको कानाशी लागली, "अवो, मी बॅगा भरायला घेते."

तोंड पुसायलाही वेळ मिळाला नाही. रंगवलेला चेहरा आणि चिंध्यांची टोपी, तसाच बाबांच्या गाडीत स्टिअरिंगवर बसलो, सामान घेऊन मीच ती आणली होती. बाबा नेहमी मागे बसतात. आज पुढे बसले, माझ्या शेजारी. मुलाची गाडी मागोमाग निघाली. आरशात तिचे दिवे दिसत होते.

मी मनात वाक्यं जुळवत होतो. माफ करा म्हणू? गाणं जुनं आहे म्हणू? गाणं खरंच जुनं आहे, माझ्या आजोबांनीही म्हटलेलं. पण हे त्यांना कोण पटवणार? पुलावर आलो तेव्हा ते म्हणाले, "तुम लड़के को बोला?"

"नहीं बाबा. माँ कसम. किसी को नहीं."

"वो समझ गया?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आरशात ते दिवे होते. "मालूम नहीं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "वो मेरे को ले जाएगा, तो तुम कहाँ जाएगा?" इतका वेळ मी त्यांना भीत होतो आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला होता.

बुसैतीनला फाटकासमोर गाडी थांबवली. व्हरांड्यातला दिवा चालू होता. मुलगाही मागे थांबला, पण उतरला नाही, बघत राहिला. मी धावत जाऊन बाबांचं दार उघडलं. ते उतरले, फाटकापाशी आले आणि थांबले. घराकडे बघत राहिले. आता विचारतील, मुलासमोर विचारतील.

त्यांनी विचारलं नाही. उजवा हात माझ्याकडे केला आणि एक बोट पुढे धरलं.

मी ते वगात धरतो तसंच धरलं आणि दाराकडे चालायला लागलो. या वेळी हसायला कुणी नव्हतं.