केरू आणि काचपेटीतली राणी

नाशिकच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत केरू अठरा वर्षं नोकरीला होता. बरण्यांतले साप पुसायचे, टबातलं पाणी बदलायचं, मुलांनी फोडलेल्या काचा झाडायच्या. जिवंत असो की बरणीतला, कुठल्याच प्राण्याला तो भीत नसे. भीत असे फक्त बायकोला, आणि ते तो लपवतही नसे.

२००२च्या दिवाळीआधी कॉलेज रोडवरचे एक गृहस्थ कायमचे बंगळुरूला निघाले. हौसेनं पाळलेला टॅरंट्युला त्यांनी विभागाला देऊन टाकला. तळहाताएवढी काळी, केसाळ कोळ्याची मादी, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. विभागप्रमुख दीपमाला मॅडमनी काचपेटी केरूच्या हाती दिली. "केरू, आजपासून ही तुमची."

मुलांनी तिचं नाव ठेवलं राणी. आठवड्याला दोन झुरळं आणि बशीभर पाणी, एवढ्यावर ती खूश. दर शनिवारी केरू पेटी आवरायचा, कोपऱ्यातली धूळ फुंकर मारून उडवायचा आणि घरी जायचा. सायकल मखमलाबाद नाक्यापर्यंत पोचेतो हात, मान, मनगटं अशी खाजायला लागत की हँडल सोडावं लागे. डॉक्टरांनी खरूज म्हणून मलम दिलं. मलम संपलं, खाज तशीच.

त्याची बायको कुसाबाई भाजी विकायची. तिनं नवऱ्याचं ताट, टॉवेल, गोधडी, सगळं वेगळं काढलं. "भाजीच्या जुड्यांना हात लावू नका," तिनं बजावलं. "गिऱ्हाईक म्हणंल, कोथिंबिरीसंगट खरूज फुकट!"

एका शनिवारी केरूचे डोळेही लाल झाले. न्हाणीपाशी बसून तो डोळ्यांवर पाणी मारत होता. कुसाबाई म्हणाली, "खरं सांगा, हे आणता कुठून?"

"राणीकडून आलो का सुरू होतं बघ," केरू पाण्याच्या नादात बोलून गेला.

बादली भरता भरता कुसाबाई वळली. "कोण राणी?"

"कॉलेजातली."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. "अगं, आठ पाय हायेत तिला!"

"मला येडी समजता?" म्हणत कुसाबाईनं बादली अशी आदळली की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला.

सोमवारी भाजीची पाटी तशीच ठेवून ती कॉलेजात हजर. "राणी कुठाय?" तिनं दारातच विचारलं. दीपमाला मॅडमना वाटलं, कोळी बघायला आल्यात. त्यांनी कौतुकानं तिला पेटीपाशी नेलं आणि केरूला झाकण उघडायला लावलं.

कुसाबाई बघतच राहिली. एवढे दिवस मनात जमवलेल्या शिव्या कुणाला द्याव्यात, तिला कळेना. तिनं काचेवर टिचकी मारली. राणीनं गर्रकन पाठ फिरवली आणि मागचे पाय आपल्या फुगीर ढुंगणावर भराभरा घासले. खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक केसांची धूळ तरंगली.

कुसाबाई पदर नाकाला लावून मागे सरली आणि हसतच सुटली. "अवो, ही तर शेवग्याच्या अळीवानी कुसं उडवती! आमच्या सायखेड्याला झाडाखाली बसलं का असंच व्हायचं. आन तुम्ही वरून चोळता, मग ती आत घुसणार नाय तर काय!"

मॅडमनी कपाटातलं पुस्तक काढलं, पान चाळलं आणि गोऱ्यामोऱ्या झाल्या. "लिहिलंय हो इथे. केरूंना सांगायचंच राहिलं." मग हळूच बाही वर केली. त्यांच्या मनगटावरही तेच लाल पुरळ होतं. दोन महिने त्याही गुपचूप खरजेचं मलम लावत होत्या.

कुसाबाईनं कॅन्टीनमधून कणीक मागवली, घट्ट गोळा मळला आणि दोघांच्या हातांवर न चोळता नुसता दाबून दाबून उचलला. गोळ्याला चिकटून केस निघू लागले. पुढे ऑफिसातली चिकटपट्टी त्याहून बरी निघाली. पेटी आवरण्याआधी माती ओलसर करायची, फुंकर मारायची नाही, नाका-तोंडाला रुमाल, डोळ्यांना गॉगल आणि हातात मोजे, असे नियम कुसाबाईनं घालून दिले. प्रयोगशाळेतल्या नळाशेजारी मॅडमनी ते लिहून लावले. घरी केरूचं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत आलं.

२००७ साली मॅडम निवृत्त झाल्या. नव्या साहेबांना त्या खोलीत कॉम्प्युटर हवे होते. राणीला ठेवायला कुणी तयार होईना. कुसाबाईच म्हणाली, "आणा घरी. आपल्याला सवय हाय तिची." रिक्षात तिनं पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली.

घरी राणीची पाठ हळूहळू टकली झाली. तिनं खाणं सोडलं. एका सकाळी ती पाय वर करून उताणी पडलेली दिसली. कुसाबाईनं डोळ्यांना पदर लावला. केरू कुदळ घेऊन जास्वंदीखाली खड्डा खणायला गेला.

खड्डा अर्धा झाला आणि घरातून हाक आली, "अवो, थांबा! ही कपडे बदलती!"

केरू धावत आला. जुनी कात मोज्यासारखी बाजूला पडत होती आणि आतून ओली, नवीकोरी राणी एकेक पाय बाहेर काढत होती. दोघं जेवणाची वेळ टळेपर्यंत पेटीपुढे बसून राहिले.

"पाठ बघितली का?" शेवटी कुसाबाई म्हणाली. "समदे केस नवे आलेत."

केरूनं सुस्कारा सोडला आणि चिकटपट्टी आणायला दुकानाकडे निघाला.